स्वयंशिक्षक वाद्य आणि समाजाचे गाणे

विद्या गुरुमुखातून घ्यावी, असा पूर्वापार संकेत आहे. परंतु गुरूवाचून विद्या मिळविण्याची मनुष्याची धडपडही तितकीच पुरातन आहे. महाभारतातील एकलव्याने मातीच्या मूर्तीपुढे उभे राहून धनुर्विद्या साध्य केली. ती मूर्ती मुकी होती. नेम पाहणे, चूक ओळखणे व ती दुरुस्त करणे ही सर्व कामे एकलव्याला स्वतःच करावी लागली. विसाव्या शतकाच्या अखेरीस जी नवी मूर्ती निर्माण झाली ती मुकी नाही. ती प्रकाश दाखविते, ताल धरते, चुकले तर थांबून राहते आणि साधले तर शाबासकीचे गुणही देते. स्वयंशिक्षक वाद्य हे तिचे नाव. ज्यांचे पूर्वज करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसच्या अथवा अन्य वसाहतींच्या मळ्यांवर गेले, त्यांच्या विलायतेतील घरांतही ही मूर्ती आता दिसू लागली आहे. तिचे स्वागत करावे की नाही, आणि केल्यास कोणत्या अटीवर करावे, याचा विचार समाजाने शांतपणे करणे अगत्याचे झाले आहे.

या वाद्यांची रचना समजली म्हणजे त्यांचे गुणदोष समजण्यास अडचण पडत नाही. साध्या गिटारच्या दांडीवर पडदे बसविलेले असतात. डाव्या हाताचे बोट योग्य पडद्याजवळ तारेवर दाबावे व उजव्या हाताने ती तार छेडावी, म्हणजे इष्ट स्वर निघतो. कोणती तार, कोणता पडदा व कोणते बोट, या तिहींचा मेळ नवशिक्याला एकाच क्षणी घालावा लागतो, आणि तेथेच तो खचतो. अमेरिकेत निघालेल्या फ्रेटलाइट या गिटारीने दांडीतच बारीक दिवे बसवून ही अडचण दूर केली. जेथे बोट ठेवावयाचे ती जागा उजळते. जपानच्या यामाहा कंपनीने चालू शतकाच्या पहिल्या दशकात काढलेल्या ईझेड मालिकेतील गिटारीच्या दांडीवर तर ताराच नव्हत्या. त्यांच्या जागी उजळणारी बटणे होती, आणि योग्य बटण दाबले जाईपर्यंत वाद्यात साठविलेले गाणे विद्यार्थ्याची वाट पाहत थांबू शकत असे. उजळणाऱ्या पट्ट्यांचे कीबोर्ड कॅसिओ कंपनीने घरोघरी नेले. लंडनच्या रोली कंपनीने २०१९ मध्ये लुमी नावाचा रंगीत पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड जाहीर केला. या सर्वांमागील कल्पना एकच आहे. स्वराची जागा डोळ्यांना दाखवावी, म्हणजे बोट तेथे जाते.

या योजनेचे गुण नाकारणे अन्यायाचे होईल. विलायतेतील मोठ्या शहरात संगीतशिक्षक दूर राहतो, त्याचे शुल्क सर्वांना परवडत नाही, आणि हिवाळ्यातील अंधाऱ्या संध्याकाळी लहान मुलास दोन गाड्या बदलून शिकवणीस नेणे दोन पाळ्यांत नोकरी करणाऱ्या आईबापांना शक्य होत नाही. भिंतीला भिंत लागलेल्या सदनिकेत रात्री आठनंतर वाद्य वाजविले तर शेजारी तक्रार करतात. विजेच्या वाद्याला कानावरचे यंत्र जोडले म्हणजे तीही चिंता उरत नाही. शिवाय यंत्र कधी रागावत नाही, कंटाळत नाही. तीच चूक शंभर वेळा झाली तरी ते शंभर वेळा तितक्याच शांतपणे तोच दिवा लावते. बुजऱ्या मुलाला, किंवा पन्नाशीनंतर शिकू इच्छिणाऱ्या प्रौढाला, ही शांतता मोठा आधार देते. तेव्हा जे लोक यंत्राचे नाव काढताच नाक मुरडतात, त्यांनी या अडचणींवर दुसरा उपाय सुचविल्यावाचून नाक मुरडू नये.

शिवाय स्वयंशिक्षण ही ब्रिटनला नवी गोष्ट नव्हे. लॉनी डॉनेगन यांच्या गाण्यांनी १९५६ साली स्किफल संगीताची लाट आणली, आणि गल्लोगल्लीच्या तरुणांनी स्वस्त गिटारी विकत घेतल्या. त्यांना शिकविणार कोण? १९५७ साली बर्ट वीडन या लंडनच्या वादकाने ‘प्ले इन अ डे’ हे स्वयंशिक्षणाचे पुस्तक काढले. एका दिवसात वाजविता येईल, असे त्याचे नावच आश्वासन देत होते. त्या पुस्तकाच्या वीस लाखांहून अधिक प्रती खपल्या, आणि पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन, एरिक क्लॅप्टन यांच्यासारख्या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या वादकांनी आरंभी त्याचा आधार घेतला. सांप्रतच्या उजळणाऱ्या वाद्यांचे आजोबा म्हणून या पुस्तकाकडे पाहावयास हरकत नाही.

परंतु त्याच पिढीची दुसरी एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गिटारवर एकाच वेळी अनेक तारा छेडून जो स्वरमेळ निघतो त्यास कॉर्ड म्हणतात. लिव्हरपूलमध्ये किशोरवयात शिकत असताना ‘बी सेव्हन’ नावाची एक कॉर्ड माहीत असलेला मनुष्य शहराच्या दुसऱ्या टोकास राहतो असे कळताच आपण मित्रासह बसने तेथे गेलो आणि ती शिकून आलो, ही आठवण मॅकार्टनी यांनी अनेकदा सांगितली आहे. बोटांची जागा दाखविणारे पुस्तक छापले जात असतानाही ही मुले माणसाकडे गेली. तेथे त्यांना कॉर्ड मिळाली, आणि तिच्याबरोबर ती वाजविणारा हातही पाहावयास मिळाला. याच मुलांपैकी जॉर्ज हॅरिसन १९६६ साली सतार शिकण्यासाठी पंडित रविशंकरांकडे थेट मुंबईस गेले. स्वयंशिक्षणाने ज्यांचा आरंभ झाला त्यांनाही पुढची वाट माणसांतूनच काढावी लागली.

हे असे का होते, याचे उत्तर वाद्याच्या सुरात सापडते. खरी गिटार उतरते. थंडीने, उन्हाने, नुसत्या वाजविण्यानेही तिच्या सहा तारा सैल पडतात आणि वाजविण्यापूर्वी त्या पुन्हा लावाव्या लागतात. तानपुऱ्याचे तर विचारावयासच नको. त्याच्या चार तारा जुळविणे आणि घोडीवरील तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी साधणे हा स्वतंत्र अभ्यास आहे, आणि तो करता करताच विद्यार्थ्याचा कान तयार होतो. बंगळूरच्या रॅडेल कंपनीचे जी. राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास तानपुऱ्याचे विद्युत् रूप सिद्ध केले व गायकांची मोठी सोय झाली. आता तर तो आवाज खिशातील दूरध्वनीतही येऊन बसला आहे. परंतु सोयीचे मोलही द्यावे लागले. कळ दाबताच सुरात लागणाऱ्या तानपुऱ्याने विद्यार्थ्याला षड्ज दिला, पण षड्ज शोधण्याचे श्रम काढून घेतले. बटणांच्या गिटारीचेही तेच होते. जे वाद्य कधी बेसूर होत नाही ते सुराची पारख शिकवू शकत नाही. मिरजेच्या सतार व तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु तो तानपुरा लावणारे हात व कान नसतील तर मानांकनाचा कागद तेवढा हाती राहील.

येथे कोणी म्हणेल की मग यंत्राला दारातच अडवावे. महाराष्ट्राच्या संगीताचा इतिहास या मताला अनुकूल नाही. ज्या पेटीवाचून आज एकही भजनी मंडळ बसत नाही, ती पेटी परकीच होती. हार्मोनियम हे युरोपातील वाद्य. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी १८४२ साली त्याचे पेटंट घेतले. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन कंपनीने त्याला मांडीशी घेऊन बसण्याजोगे, एका हाताने भाता हलविण्याचे रूप दिले. तिच्यावर आक्षेप थोडे नव्हते. तिचे स्वर ठरीव; एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही; आणि सप्तकाचे बारा समान भाग पाडल्यामुळे तिचा शुद्ध गांधार स्वाभाविक गांधारापेक्षा किंचित् चढा लागतो. मँचेस्टरमध्ये जन्मलेले व पुढे दिल्लीच्या नभोवाणीत काम केलेले संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी तिच्याविरुद्ध लिहिले. रवींद्रनाथ ठाकुरांनाही ती नको होती. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली, आणि ती १९७१ च्या सुमारास अंशतः शिथिल होईपर्यंत तीन दशके टिकली. हे आक्षेप शास्त्रदृष्ट्या खोटे नव्हते. तरीही देवळात, कीर्तनात, नाट्यगृहात व घराघरांत पेटी राहिली आणि वाढली.

ती कशी वाढली हे गोविंदराव टेंबे यांच्या चरित्रावरून स्पष्ट होते. १८८१ मध्ये जन्मलेले टेंबे पेटीवादन बव्हंशी स्वतःच शिकले. बोटे कशी पडावीत हे त्यांनी आपले आपण बसविले. परंतु गाणे त्यांनी घेतले ते भास्करबुवा बखले यांच्या साथीला बसून. बुवांची रीतसर तालीम घेतलेली नसतानाही टेंबे त्यांनाच गुरू मानीत. गायकाचा श्वास कोठे संपतो, तो समेवर कसा येतो, पेटीने कोठे बोलावे व कोठे गप्प राहावे, हे गायकाच्या शेजारी बसल्यावाचून कळत नाही. अशा साथीने पेटीची उणीव झाकली गेली, आणि ठरीव स्वरांच्या त्या यंत्रातून १९११ सालच्या ‘मानापमान’ नाटकाला संगीत देणारा प्रतिभावंत घडला. पुढे पी. मधुकर, तुळशीदास बोरकर अशा वादकांनी तिला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध करून जुन्या आक्षेपाला उत्तर शोधले. यंत्र परके असो वा अपुरे असो, समाज त्याला आपल्या गाण्याच्या शेजारी बसवील तर ते सुधारते. निराळ्या खोलीत एकटे ठेवील तर ते जसेच्या तसे राहते.

ही गोष्ट करारबद्ध मजुरांच्या वंशजांना निराळी समजावून देण्याचे कारण नाही. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख मजूर मॉरिशसमध्ये उतरले. पोर्ट लुई येथील ज्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्या त्यांच्यापैकी असंख्य चढले, त्याची नोंद युनेस्कोने २००६ साली जागतिक वारसा यादीत केली. मुंबई बंदरातून गेलेल्या रत्नागिरी, सावंतवाडी या भागांतील मराठी माणसांजवळ गाण्याचे पुस्तक नव्हते, आणि असते तरी पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. तरी कोकणातील जाखडी समुद्र ओलांडून झाकरी झाली आणि उसाच्या मळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या टिकली. दिवसभर ऊस तोडलेली माणसे गणपतीसमोर फेर धरीत, एक जण गाई, बाकीचे ते पद झेलीत, आणि कडेला उभे असलेले मूल कोणी न शिकविताच शिके. भोजपुरी घरांतील स्त्रियांनी लग्नाच्या गीत-गवईत हेच केले, आणि ती परंपरा युनेस्कोने २०१६ साली मानवजातीचा वारसा म्हणून गौरविली. त्रिनिदादच्या मजुरांनी लोखंडी दांडा व नालाच्या आकाराचा तुकडा घेऊन धनताल हे वाद्य गाण्याच्या साथीला उभे केले. या लोकांनी साधनाचे सोवळे पाळले नाही. हाती आले ते घेतले आणि सर्वांच्या मध्ये आणून ठेवले.

विलायतेत मात्र हा फेर विस्कटला आहे. १९६० व १९७० च्या दशकांत जे तरुण-तरुणी मॉरिशसहून परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी व नोकरीसाठी ब्रिटनमध्ये आले, ते निरनिराळ्या शहरांत विखुरले. त्यांच्या मुलांनी आईच्या तोंडचे गाणे ऐकले. नातवंडांना ते वर्षातून एकदा, गणेशोत्सवाच्या दिवशी ऐकावयास मिळते. ज्या आजीला झाकरीची पदे येतात ती ऐंशीच्या घरात आहे आणि तिचा नातू शेजारच्या खोलीत कानाला यंत्र लावून उजळणारी गिटार वाजवीत आहे. दोघांच्या मध्ये एक भिंत आहे. नातवाच्या वाद्यात शेकडो गाणी साठविलेली आहेत, पण आजीचे एकही गाणे त्यात नाही. कोणताही कारखाना ते तेथे घालणार नाही, कारण त्याला गिऱ्हाईक नाही. यंत्र मुलाला चुकीचे काही शिकविते, अशी तक्रार येथे नाही. समाजाच्या दृष्टीने खरा धोका असा की मुलाला शिकण्यासाठी कोणाचीच गरज उरली नाही असे यंत्र त्याला वाटावयास लावते, आणि ज्याला कोणाची गरज नाही तो कोणाजवळ जाऊन बसत नाही.

यावर एक उत्तर दिले जाते आणि ते विचारात घेतलेच पाहिजे. नवीन यंत्रे ऐकतातही, असे त्यांचे पुरस्कर्ते म्हणतात. ते खरे आहे. फिनलंडमध्ये तयार झालेले यूजिशियन हे साधन दूरध्वनीच्या ध्वनिग्राहकातून विद्यार्थ्याचे वादन ऐकते व स्वर बरोबर आला की नाही, वेळेवर आला की नाही, हे तत्काळ सांगते. पाश्चात्त्य पद्धतीच्या गाण्याला, जेथे स्वर बव्हंशी लिहिलेला असतो, याचा उपयोग मोठा आहे. परंतु असे ऐकणे म्हणजे आधी ठरलेल्या उत्तराशी ताडून पाहणे होय. भजनात म्हाताऱ्या माणसाचा आवाज मध्येच उतरतो; पेटीवाल्याने त्या क्षणी काळी चारवरून काळी दोनवर यावे लागते. लहान मुले आरतीत उत्साहाने लय वाढवितात. ढोलकीवाल्याने त्यांना न दुखविता आवरावे लागते. येथे बरोबर उत्तर आधी ठरलेले नसते, समोरच्या माणसांकडे पाहून ते काढावे लागते. ही दृष्टी, हा शेजारधर्म, आजचे कोणतेही यंत्र शिकवीत नाही.

छापील साधनांच्या काळातही हाच प्रश्न उभा राहिला होता, आणि महाराष्ट्राच्या दोन थोर पुरुषांनी तो आपापल्या परीने सोडविला. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी उस्तादांच्या कंठातील सुमारे १,८०० चिजा स्वरलिपीत उतरवून क्रमिक पुस्तकांत छापल्या. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी स्वतःची स्वरलिपी तर केलीच, परंतु १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन करून विद्यार्थ्यांना एकत्र बसविले. पुस्तकाने गाणे नष्ट होण्यापासून वाचविले; वर्गाने ते पुन्हा गाते केले. एकावाचून दुसरे अपुरे होते. यंत्राच्या बाबतीतही समाजाने हीच दुहेरी योजना करणे इष्ट ठरेल.

यासाठी फार द्रव्य लागेल असे नाही. प्रत्येक घराने स्वतंत्र स्वयंशिक्षक वाद्य घेण्याऐवजी संस्थेने दोन-तीन वाद्ये घ्यावीत व ती नवशिक्यांना ठराविक मुदतीसाठी घरी न्यावयास द्यावीत. पहिले तीन महिने दिव्यांच्या मदतीने बोटे वळवून घेण्यास कोणतीही हरकत नसावी. त्यानंतर दिवे मालवावेत, आणि त्याच गिटारीऐवजी साधी, तारांची, उतरणारी गिटार किंवा पेटी मुलाच्या हाती द्यावी. आठवड्याच्या सुटीतील वर्गात प्रत्येक धड्याचा आरंभ तारा जुळविण्याने व्हावा, मग त्यात अर्धा तास गेला तरी चालेल. वाद्य शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने वर्षातून निदान एकदा तरी दुसऱ्याच्या गाण्याला साथ करावी, आणि त्या प्रसंगी गाणारी व्यक्ती वयाने साठीच्या पुढची असावी. जे पैसे वाद्यांवर वाचतील ते शिक्षकाच्या प्रवासखर्चास द्यावेत. लंडनमध्ये १९७२ साली स्थापन झालेल्या भारतीय विद्या भवनासारख्या संस्थांतून तबला, गायन, पेटी यांचे रीतसर शिक्षण मिळते. परंतु तेथवर पोचू न शकणाऱ्या गावांतील कुटुंबांसाठी शिक्षकानेच महिन्यातून एकदा फिरतीवर यावे, अशी व्यवस्था संस्थेला करता येईल.

आणखी एक काम याहून तातडीचे आहे. ज्या दूरध्वनीवर नातू गिटारचे धडे घेतो, त्याच दूरध्वनीत ध्वनिमुद्रणाची सोय आहे. त्याने ती उघडावी, आजीसमोर बसावे आणि तिची पदे एकामागून एक मुद्रित करावीत. पद कोणत्या गावात, कोणत्या प्रसंगी म्हणत असत, तेही तिच्याच तोंडून नोंदवावे. मग ते पद आपल्या गिटारीवर बसविण्याचा प्रयत्न करावा. पहिल्या प्रयत्नात ते बसणार नाही, कारण आजीचा स्वर पडद्यांच्या मधोमध कोठेतरी लागत असेल. तो स्वर शोधण्यासाठी तारेवर बोट ताणावे लागेल, आजीला पुन्हा म्हणावयास सांगावे लागेल, आणि ती कदाचित् हसून म्हणेल की अजून आले नाही. त्या क्षणी नातवाचे खरे शिक्षण सुरू होईल. कोणताही दिवा ती जागा दाखवू शकत नाही. ती जागा त्याला आजीच्या गळ्यातूनच घ्यावी लागेल.

यंत्राचा द्वेष करून गाणे टिकणार नाही आणि यंत्राच्या भरवशावर सोडूनही ते टिकणार नाही. मळ्यांवरील पूर्वजांनी जे हाती आले ते गाण्याच्या सेवेस लावले. त्यांच्या वंशजांनी हे नवे साधनही त्याच कामी जुंपावे. येत्या गणेशोत्सवात आरतीच्या वेळी एखादे मूल गिटार घेऊन बसले तर कोणी भुवया उंचावू नयेत. त्याने वाद्य सुरात लावले आहे की नाही, आणि ते वाजविताना गाणाऱ्यांकडे पाहत आहे की नाही, एवढेच वडीलधाऱ्यांनी पाहावे.